मुलगा इंजिनाचा मॅनिफोल्ड बनवतो, पुढे काय?

ताई, नमस्कार.

कागलहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं, सोबतचे फोटोही मिळाले. तुम्ही लिहिता, मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. मार्क बेताचे, गणितात तेवढे बरे. कॉलेज सुटलं की गोकुळ शिरगावच्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन बसायचा. तिथल्या मेस्त्रींच्या हाताखाली त्यानं ऑफ-रोडिंगसाठी तयार होणाऱ्या जुन्या जिप्सीला ॲल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग, बनवला. आता म्हणतो, "मला हेच करायचंय, डिग्री नको." त्याच्या वडिलांना हे गॅरेजचं काम वाटतं; त्यांचं म्हणणं, आधी चार वर्षं इंजिनिअरिंग कर. आणि तुमचा प्रश्न साधा आहे: यात पोराचं पोट भरेल का?

मार्कांचा विचार करण्याआधी मी ते फोटो बारकाईनं पाहिले. चारही रनर (एकेका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या) प्लेनमला (हवेच्या सामाईक डब्याला) जिथे जोडलेत तिथली वेल्डिंगची लहर एकसारखी आलीय. या वयाच्या मुलाच्या हातून ॲल्युमिनियमवर असं काम होणं कौतुकाचं आहे, आणि ते का हे त्याच्या वडिलांनाही कळावं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या अंगावर ऑक्साइडचा जो पातळ थर असतो तो वितळायला 2000 अंशांच्याही वर तापमान लागतं. तो थर फोडण्यासाठी टिग मशीन, म्हणजे गॅसच्या आवरणात टंगस्टनच्या टोकानं वेल्डिंग करणारं मशीन, एसी करंटवर चालवावं लागतं. गॅस शुद्ध आर्गन, जॉब (ज्यावर काम चाललंय तो भाग) ॲसिटोननं पुसलेला, ब्रश स्टेनलेसचा आणि तोही फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला. लोखंड तापलं की लाल होऊन इशारा देतं, ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. आत्ता चांगलं दिसत होतं म्हणेपर्यंत जॉबला भोक पडलेलं असतं. डोळा, हात आणि पायाखालचं पेडल एका लयीत आल्याशिवाय तशी लहर उमटत नाही. ही लय तुमच्या मुलाला गवसलेली आहे.

दुसरा एक फोटो मात्र वेगळंच सांगतो. इंजिनाचं हेड आणि मॅनिफोल्डचा फ्लँज (हेडवर बोल्टनं बसणारी सपाट पट्टी) यांच्यामध्ये दोन गॅस्केट, म्हणजे फट बंद करणाऱ्या चकत्या, दिसतात, कडेनं सिलिकॉन बाहेर आलंय. आणि तुम्ही सहज लिहून गेलात की गाडी सुरू झाली, पण आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, आरपीएम सारखे वर-खाली होतात, म्हणून पोरगा नीट जेवतही नाही. मला या दोन्ही गोष्टी एकच वाटतात. वेल्डिंगच्या उष्णतेनं फ्लँज वाकला असणार. पापड भाजताना कडा उचलतात तसाच प्रकार. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, गार होताना तितकंच आखडतं आणि फ्लँजला ओढून घेतं. मग फटीतून, थ्रॉटलला (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेला) वळसा घालून, हवा आत शिरते. ज्या सिलिंडरजवळ फट मोठी, तिथलं मिश्रण पातळ होतं आणि इंजिन आयडलला स्थिर राहत नाही.

त्याला सांगा, सिलिकॉनचा थर वाढवून हे सुटायचं नाही. मॅनिफोल्ड उतरवून फ्लँजवर स्ट्रेट एज धरायची आणि फिलर गेजनं फट मोजायची. पुढच्या जॉबला फ्लँज दहा-बारा मिलिमीटर जाड घ्यायचा, फेस, म्हणजे हेडवर बसणारा पृष्ठभाग, शेवटी सपाट करण्यासाठी एखादा मिलिमीटर जास्तीचा ठेवायचा. जाड स्टील प्लेटच्या जिगवर (जॉब घट्ट धरणाऱ्या साच्यावर) किंवा भंगारातल्या हेडवर तो बोल्टनं आवळायचा, आधी सगळे टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारायचे, मग एका टोकाला थोडं, दुसऱ्या टोकाला थोडं असं वेल्डिंग करायचं. जिगवरच गार होऊ द्यायचं आणि शेवटी मिलिंगवर फेस काढायचा. मेस्त्रींना हे बहुतेक ठाऊक असेल. घाईत राहून गेलं असेल.

आता खरा मुद्दा. त्याला विचारा, रनरची लांबी कशावरून ठरवली? "बॉनेटखाली मावली तेवढी" असं उत्तर आलं, तर त्याला अजून शिकायची गरज आहे, आणि ही गरज त्याला स्वतःला पटली पाहिजे. इनटेक वाल्व बंद-उघड होताना रनरमधल्या हवेत दाबाची लाट तयार होते. ती प्लेनमपर्यंत जाऊन परत येते. वाल्व उघडा असताना ती नेमकी पोचली तर सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते. लांब रनरचा फायदा कमी आरपीएमला, आखूड रनरचा जास्त आरपीएमला. माझदाच्या 787बी या गाडीनं 1991 साली ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली, तिच्या इंजिनात तर चालत्या गाडीत रनरची लांबी बदलायची सोय होती. चिखलात, चढावर रांगणाऱ्या जिप्सीला टॉर्क खाली हवा. म्हणजे आखूड, देखणे रनर लावून तिचं नुकसानही होऊ शकतं. हे गणित बारावीच्या फिजिक्सच्या एकच पायरी वर आहे. ज्याच्या हाताला टिग येतं त्यानं ती पायरी सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

पोटाचं म्हणाल तर स्पष्ट सांगतो. फक्त कस्टम मॅनिफोल्डवर घर चालवायचा विचार त्यानं करू नये. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांचे मॅनिफोल्ड काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असतात आणि साच्यातून निघतात. इलेक्ट्रिक गाडीला तर हा भागच नसतो. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ती जिप्सी रस्त्यावर धावणार असेल तर हे गाडीमालकाला आधीच माहीत असायला हवं. रेसिंग आणि बंद ट्रॅकवरच्या गाड्यांचं काम आहे, पण आपल्याकडे ते थोडं आणि हंगामी.

हातातली कला मात्र मोठ्या बाजारात चालते. पुणे मेट्रोचे डबे ॲल्युमिनियमचे आहेत. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीची पेटी आणि तिला थंड ठेवणाऱ्या प्लेट ॲल्युमिनियमच्या असतात. इंटरकूलर, रेडिएटरच्या टाक्या, डेअरी आणि केमिकल उद्योगातली उपकरणं, विमानांचे भाग, सगळीकडे हे काम आहे. लोखंडाला आर्क मारणारे पुष्कळ मिळतात. ॲल्युमिनियमवर स्वच्छ टिग करणारा, ड्रॉईंग वाचणारा आणि स्वतः फिक्श्चर बनवणारा माणूस शोधावा लागतो. वेगवेगळ्या मिश्रधातूंचा स्वभावही त्याला शिकावा लागेल. 6061 हा मिश्रधातू वेल्ड होतो, पण तो टी6, म्हणजे उष्णतेच्या प्रक्रियेनं कडक केलेला, असेल तर वेल्डच्या शेजारची ताकद बरीच उतरते. 7075 हा दुसरा मिश्रधातू, तो भंगारात स्वस्त मिळाला म्हणून त्याला टिग मारायला गेलं, तर तडा जातो.

म्हणून माझा सल्ला दोघांच्या मधला वाटेल, पण तो तडजोड म्हणून देत नाही. बारावी सायन्सवर मेकॅनिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. कोल्हापूरला शासकीय तंत्रनिकेतन आहे, पहिली पसंती तिथली द्या. दोन वर्षांत ड्रॉईंग, मटेरियल, मशीनिंग, थर्मल हे सगळं होतं आणि संध्याकाळी वर्कशॉप चालू ठेवता येतं. नंतर त्यालाच वाटलं तर डिप्लोमावरून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, वडिलांची इच्छा तिथे पूर्ण होईल. आणि त्या वेळी कोइमतूरला होणाऱ्या फॉर्म्युला भारतसारख्या, विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेच्या टीममध्ये त्यानं जरूर शिरावं. तिथे पेट्रोल इंजिनाची सगळी हवा 20 मिलिमीटरच्या एकाच भोकातून घ्यावी लागते, त्यामुळे इनटेकवर टीम जीव तोडून काम करते. असा मुलगा त्यांना हवाच असतो.

पुस्तकाशी त्याचं अजिबात जमत नसेल तर कळंब्याच्या शासकीय आयटीआयमध्ये दोन वर्षांचा मशिनिस्ट ट्रेड घ्यावा. एक वर्षाचा वेल्डर ट्रेडही आहे, पण वेल्डिंग त्याला येतंय, मशीन येत नाही. वाकलेल्या फ्लँजनं ते दाखवून दिलंच आहे. कुठलीही वाट घेतली तरी पुढे ॲल्युमिनियमसाठीची आयएसओ 9606-2 ही वेल्डर पात्रता परीक्षा द्यायचं मनात ठेवावं. मोठ्या कंपनीच्या दारात आणि परदेशातही ते कागद विचारतात.

त्याच्या वडिलांना माझी एक विनंती सांगा. एकदा त्याच्याबरोबर वर्कशॉपमध्ये जा आणि तो काम करत असताना उभे राहा. आर्ककडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका, हेल्मेट मागून घ्या. जॉब पुसायला ब्रेक क्लीनर वापरतात का, तेही विचारा. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरचा अंश राहिला आणि त्यावर आर्क पडला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. तिथे तो डबा दिसला तर त्याच दिवशी बंद करायला लावा. हवा खेळती आहे का, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट असतो का, हे बापाच्या नजरेनं पाहून घ्या.

थेट दुसऱ्या वर्षाची प्रवेशप्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालयाच्या वेबसाइटवर होते. नोंदणीच्या तारखा रोज बघत राहा. डोमिसाइल आणि लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर यांचे अर्ज आजच टाका, तहसीलमधून ते हातात पडायला वेळ लागतो.