शनिवारवाड्यामागचा वाडा आणि एफडीतले ५५ लाख

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. शनिवारवाड्यामागे कसब्यात आजोबांचा २,४०० चौरस फुटांचा वाडा आहे, निम्मा तुमचा निम्मा चुलतभावाचा, आत चार जुने भाडेकरू. भाऊ हिस्सा ५५ लाखांना द्यायला तयार आहे आणि एजंट म्हणतोय मेट्रोमुळे ४ एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम) मिळणार, उंचीची अटही उठतेच आहे, आत्ता घेतलं नाही तर बिल्डर घेऊन जाईल. तुमचं वय ५४, एफडी ६२ लाखांच्या, त्या मोडू का.

माझं मत स्पष्ट आहे, आत्ता आणि या भावात अजिबात मोडू नका.

जागेचा भाव मातीला नसतो, तिच्यावर किती बांधता येतं त्याला असतो. शनिवारवाडा केंद्राचं संरक्षित स्मारक आहे आणि प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० ला झालेल्या बदलानंतर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत पाडून नवीन बांधायला बंदी आहे, परवानगी घेऊन डागडुजी तेवढी करता येते. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधता येतं, पण परवानगी लागते आणि उंचीवर बंधन येतं. तुम्ही लिहिलंय "शंभर-दीडशे मीटर असेल", अहो या "असेल"मध्येच तर सगळे पैसे अडकलेत! एका ओळखीच्यांच्या नकाशावर ही १०० मीटरची रेघ त्यांच्या स्वैपाकघरातून गेलेली मी पाहिली आहे, ओटा आत आणि जिना बाहेर, आणि त्या एका रेघेपायी त्यांचं सगळं गणित बदललं.

अट उठेल हे प्रत्येक निवडणुकीत ऐकतो आपण. पण हे महापालिकेच्या हातातच नाही, कायदा संसदेचा आहे. जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत एक दुरुस्ती मंजूर झाली होती तीसुद्धा सरकारी सार्वजनिक कामांपुरती होती, तुमच्या-माझ्या घरासाठी नव्हती, आणि तिचाही पुढे कायदा झाला नाही. मला मनापासून वाटतं की पेठेतल्या लोकांना यातून काहीतरी मार्ग मिळायला हवा, लाकडाला टेकू लावून माणसं राहतायत तिथे. पण त्या आशेवर रिटायरमेंटचे पैसे लावायचे नाहीत.

राहिला मेट्रोचा एफएसआय. स्टेशनपासून ५०० मीटरमध्ये ४ "पर्यंत" मिळतो, पण किती ते रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचा आकार बघून ठरतं, शिवाय प्रीमियम, म्हणजे जादा बांधकामाचं शुल्क, भरावा लागतो. तुमचा बोळ जेमतेम ६ मीटरचा आणि प्लॉट सव्वादोनशे चौरस मीटरच्या आत, तिथे ४ चा विषयच येत नाही. भावाने ५५ सांगताना मात्र तो ४ धरलेला दिसतोय.

आता हिशोब बघा. ५५ लाखांवर ७ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे ३ लाख ८५ हजार, रजिस्ट्रेशनचे ३० हजार, हातात उरले तीन लाखसुद्धा नाहीत आणि भाडेकरूंचं काय ते अजून ठरायचंच आहे. तेच ५९ लाख ७ टक्क्यांनी ठेवले तर साठीला साधारण ८८ लाख होतात (टॅक्स वेगळा). या वाड्याचा तो निम्मा हिस्सा सहा वर्षांत ८८ ला कोण घेईल?

बिल्डरची एवढी धास्ती घेऊ नका. कुटुंबाच्या राहत्या, वाटणी न झालेल्या घरात बाहेरच्याने हिस्सा घेतला तरी त्याला तुमच्यासोबत ताबा मागता येत नाही, आणि तो वाटणीसाठी कोर्टात गेला तर तो हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला आपण घेतो असं तुम्ही म्हणू शकता. एकदा वकिलाला कागद दाखवून घ्या.

भावाला तोडू नका, फक्त म्हणा की आधी दोघं मिळून अंतराची अधिकृत मोजणी करून घेऊ, खर्च निम्मा निम्मा. तो कागद आला की मला पाठवा, १०० च्या आत निघालं तर फक्त दुरुस्तीचं बजेट करू आणि बाहेर निघालं तर ५५ च्या जागी किती म्हणायचं ते बसून काढू.