डावीकडून तिसरा

"ताई, आम्ही सांगलीच्या वालचंद कॉलेजचे, १९७७ ची बॅच. सगळे सत्तरीला आलेले. व्हॉट्सॲपवर आमचा बेचाळीस जणांचा ग्रुप आहे आणि मला त्याचा वीट आलाय. कुणाची बायपास, कुणाचे गुडघे, कुणाची नातवंडं टेक्सासला, आणि महिना-दोन महिन्यांनी कुणाला तरी भावपूर्ण श्रद्धांजली. २०२७ मध्ये पन्नास वर्षं होतील, तर संमेलन महाबळेश्वरच्या रिसॉर्टवर करायचं की कॉलेजातच, यावरून दोन तट पडलेत. मला नको नको ते बोलले. माझा होस्टेलचा रूम पार्टनर तर आठवड्यातून दोनदा तोच जुना फोटो टाकतो आणि विचारतो, 'डावीकडून तिसरा कोण रे?' अहो, तो मीच! किती वेळा सांगायचं? ग्रुप सोडावा म्हणतो. वाईट दिसेल का?"
— एक वाचक, कोथरूड

दादा, रिसॉर्टचं तुमचं तुम्ही बघा. मी त्यात पडणार नाही. तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, त्यात महाबळेश्वरवर अडीच पानं आणि रूम पार्टनरवर एवढ्या चार ओळी. मी त्या ओळींपाशीच थांबले.

ज्याच्यासोबत एका खोलीत राहिलात, तो माणूस फोटोतला तुमचा चेहरा ओळखत नाही. सगळ्यांसमोर विचारतो. तुम्ही सांगता. तीन दिवसांनी पुन्हा विचारतो. आणि एवढे सगळे इंजिनिअर त्यावर अंगठे टाकून मोकळे होतात! पंपाचा आवाज जरा बदलला असता तर तुमच्यातला प्रत्येक जण झाकण उघडून बघायला धावला असता.

मी डॉक्टर नाही. कदाचित त्याला करमत नसेल, म्हणून तो फोटो काढून बसत असेल. पण एखादं नाव पटकन न आठवणं, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणं, हे वयाचं. सांगितलेलं उत्तरच पुसलं जाणं आणि तोच प्रश्न पुन्हा कोरा होऊन येणं, हे निराळं. स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशी असू शकते. दरवेळी तोच असतो असंही नाही, आणि माझी घाई त्यासाठीच आहे. बी१२ कमी पडलं, थायरॉइड मंदावलं, मनाला उदासी आली, झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या, तरी माणूस असा विसरायला लागतो. न्हाणीघरात घसरून डोकं आपटलं आणि आत हळूहळू रक्त साठत गेलं, तरीही. यांवर उपचार आहेत. मात्र वेळ घालवायचा नाही.

माझी थोरली बहीण दुपारभरात चारदा विचारायची, "दूध आलं का गं?" आम्ही 'वय झालं' म्हणून दीड वर्ष काढलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "हे कधीपासून?" आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते मला अजून सलतं.

तेव्हा याच आठवड्यात त्याच्याकडे सांगलीला जा. फोनवर भागवू नका. फोनवर माणूस "हो रे, बरं चाललंय" म्हणून निभावून नेतो. घरच्यांच्याही रोज बघून अंगवळणी पडलेलं असतं. वहिनी त्याची अर्धी वाक्यं स्वतःच पुरी करत असतील, आणि आपण असं करतो हे त्यांच्या ध्यानातही नसेल. वर्षांनी येणाऱ्याला ते पहिल्या तासात दिसतं.

गेल्यावर "ओळखलंस का मला?" असं चुकूनही विचारू नका. ती परीक्षा होते, आणि त्यात नापास झाल्याचं त्यालाही कळतं. आपलं नाव आपणच सांगायचं आणि होस्टेलपासून सुरुवात करायची. मेस, आयर्विन पुलावरची चक्कर, पेपराच्या आदल्या रात्रीचे चहा. नवं पुसलं जात असलं तरी जुनं बरेचदा शाबूत असतं. त्याने तेच पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगा, पहिल्यांदाच सांगितल्यासारखं.

मग वहिनींना बाजूला घेऊन विचारा. हे कधीपासून? मध्ये पडला होता का? गोळ्या कुठल्या चालू आहेत? मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ हमखास तपासायला लावा, शाकाहारी असेल तर नक्कीच. मिरज हाकेच्या अंतरावर आहे, दवाखान्यांचंच गाव. मेंदूविकारतज्ज्ञाची वेळ तुम्हीच घ्या आणि त्या दिवसापर्यंत तिथे राहा. वहिनी एकट्याच निभावत असतील तर ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीचा १४५६७ हा नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून द्या. आणि मागच्या वर्षभरातले त्याचे ग्रुपवरचे मेसेज तारखांसकट उतरवून न्या. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो आणि ते फक्त तुमच्याच ग्रुपपाशी आहेत. तोवर ग्रुप सोडायचं नाव काढू नका.

पासष्टीपुढे एसटीला अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड तेवढं विसरू नका. सकाळी स्वारगेटहून निघालात तर दुपारपर्यंत पोचाल. त्या फोटोची मोठी प्रत काढून घ्या आणि मागे सगळ्यांची नावं ठसठशीत अक्षरांत लिहा. तो दार उघडेल तेव्हा फोटो हातात द्या, त्यावर बोट ठेवा आणि सांगा, "हा डावीकडून तिसरा आलाय."