पूर्वचाचणी झाली, आता गट कसे पाडू?

तुम्ही लिहिता की बडोद्यात रविवारचा मराठी वर्ग आहे, 20 गुणांची पूर्वचाचणी घेतली आणि आता हुशार, मध्यम, कच्चे असे तीन गट करायचेत. नका करू. बेरीज बाजूला ठेवा आणि कोण कुठे अडलं ते प्रश्नवार बघा.

बडोद्यात तर हे फारच ठळक दिसतं. 9 गुण मिळवलेली दोन मुलं घ्या. एक घरी आजीशी घडाघडा मराठी बोलतं, पण शाळा गुजराती माध्यमाची, त्यामुळे देवनागरीत इ, ख, ज, झ आले की थबकतं. दुसरं हिंदीच्या जोरावर उतारा खणखणीत वाचतं, पण "ताई का रुसली?" विचारलं की गप्प. या दोघांना एकच कार्यपत्रिका देऊन काय साधणार?

गोष्ट सगळ्यांना एकत्रच सांगा. मग पहिल्याला त्याच गोष्टीतल्या शब्दांच्या पट्ट्या वाचायला द्या, दुसऱ्याला तिच्यातले संवाद बोलायला लावा. अधूनमधून दोघांची जोडी लावा, छान जमते. ज्यांना दोन्ही येतं त्यांना सतत 'छोट्या बाई' करू नका, त्यांनाही नवं काही लागतं. गोष्टीचा शेवट बदलून लिहू देत.

जे बहुतेकांना आलंय ते सरळ गाळा, जे जवळजवळ सगळ्यांचं चुकलंय ते फळ्यावर सगळ्यांना शिकवा. आणि गटांना नावं देऊ नका, महिन्याभरात ते बदलायचेच आहेत.