एकच सायकल, पायऱ्यांसाठी आणि उड्यांसाठी

प्रश्न : ताई, माझं वय १९, वजन ६० किलो. पुण्याहून जुनी डर्ट जंप सायकल, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारायची, आणली आहे. चाकं २६ इंची, पुढे १०० मिलिमीटरचा हवेचा सस्पेन्शन चिमटा, पुढे ३२ दात, मागे १६ दाती फ्रीव्हील. ब्रेक फक्त मागे, डिस्कचा. स्कॉटलंडचा सायकलपटू डॅनी मॅकास्किलचे व्हिडिओ बघून सकाळी एका बंद जिनिंगच्या ओट्यावर आणि पायऱ्यांवर ट्रायल्सचा, म्हणजे पाय न टेकता अडथळ्यांवरून सायकल नेण्याचा, सराव करतो. संध्याकाळी मित्राच्या शेतात काळ्या मातीचे दोन जंप रचलेत, तिथे जातो. मागच्या चाकावर उभा राहिलो की दुसऱ्या-तिसऱ्या उडीलाच तोल जातो. दुसरी सायकल घेणं घरी परवडणार नाही. हिच्यातच काय बदलू?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : फ्रेम आहे तीच ठेव. स्पर्धेच्या ट्रायल्स सायकलला सीटसुद्धा नसते आणि वजन वाचवायला तिच्या नळ्या पातळ केलेल्या असतात; तिला मातीच्या जंपवर नेऊ नये. जंपच्या सायकलला ओट्यावर नेता येतं. मॅकास्किलची स्ट्रीट ट्रायल्सची सायकल या दोन्हींच्या मधली : चिमटा बिनस्प्रिंगचा, गिअर हलका, ब्रेक दोन्ही चाकांना. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी तुझ्या सायकलला आजही देता येतील.

तुझा तोल जातो तो आधी गिअरमुळे. ३२-१६ म्हणजे पायडलचा एक फेरा, चाकाचे दोन. तेवढ्यात सायकल साधारण ४.१ मीटर पुढे जाते, म्हणजे पाव फेऱ्यातच एक मीटर. ओट्यावर तुला हवं असतं वीतभर. २६ इंची ट्रायल्स सायकलवर १८-१५ असा जोड असतो. तो घेतलास तर जंपआधी पाय नुसते गरगरतील. मी तुला पुढे २८ लावायला सांगेन, मागे १६ तसंच. एका फेऱ्याला ३.६ मीटर. मिनिटाला शंभर फेरे मारलेस तर ताशी २१-२२ किलोमीटर. आत्ता २४-२५ मिळत असेल. शेतातल्या जंपला एवढं पुरतं; कमी वाटलं तर सुरुवातीचा उतार दोन हात उंच करा.

पुढचे चार दात कमी झाले की चेन ढिली पडते. ती घ्यायला चाक मागे ओढू नकोस. दोन कड्या काढ, म्हणजे एक इंच चेन. चाक बरोबर जुन्या जागी बसतं. मागचं चाक जितकं पुढे, पायडलच्या जवळ, तितका पुढचा भाग हलक्या हाताने उचलला जातो, आणि ट्रायल्समध्ये सगळी मेहनत त्याचीच असते. कामाप्रमाणे रोज फ्रीव्हील बदलायचा विचार असेल तर सोडून दे. फ्रेमच्या खाचेत चाक सरकलं की डिस्कचा ब्रेकही नव्याने जुळवावा लागतो. म्हणून गिअर एकदाच ठरवायचा आणि रोज बदलायची ती फक्त हवा.

आता फ्रीव्हील. पायडल मागे घेऊन पुढे दाब आणि ‘टक’ होईपर्यंत किती मोकळं फिरतं ते बघ. फ्रीव्हील एका फेऱ्यात १८ ठिकाणी पकडत असेल तर चाकापाशी २० अंश मोकळे जातात. तुझ्या ३२-१६ ला पायडलकडे ते निम्मे, दहा अंश होतात, म्हणजे १७५ मिलिमीटरच्या क्रँकवर पायाखाली तीन सेंटिमीटर, दोन बोटं रिकामी. तू झटका देतोस तो या पोकळीत जातो आणि तोवर तोल सुटलेला असतो. ७२ ठिकाणी पकडणारं फ्रीव्हील बसवलंस तर हीच पोकळी पाऊण सेंटिमीटरवर येते. पैसे एकाच वस्तूला असतील तर इथे घाल. आणि आतल्या खटक्यांना, ज्यांना भुसावळला आमच्या दुकानात आम्ही कुत्ते म्हणतो, जाड ग्रीस चोपडू नकोस. त्याने ते चिकटतात आणि ऐन वेळी पकडत नाहीत. पातळ तेलाचे दोन थेंब पुरे.

मागच्या चाकाला, ते खाचेत सरकू न देणारा, चेन अ‍ॅडजस्टर आहे का, पत्रात लिहिलं नाहीस. नसेल तर आधी तो लाव, मग ओट्यावर जा. मी एकदा घाईत तो न लावता, नुसते नट आवळून पायऱ्यांवर गेले होते. तिसऱ्या झटक्याला चाक खाचेत तिरपं सरकलं, टायर फ्रेमला घासला, चेन उतरली आणि पायडलचे खिळे नडगीत घुसले. सात टाके पडले. वडिलांनी ते चाक काढून माझ्यासमोर गल्ल्याशेजारी टांगून ठेवलं, महिनाभर. नडगीचे गार्ड आणि हेल्मेट जुनी मिळाली तरी चालतील, पण घालायचीच.

पुढे ब्रेक हवाच. जंपला त्याच्याशिवाय चालतं, पण पुढच्या चाकावर तोलून मागचं फिरवायला तो लागतोच. चिमट्यावर डिस्कची बैठक आहे का बघ. पुढे १८० मिलिमीटरची डिस्क ठेव, पण चिमटा तेवढी घेतो याची खात्री करून. नवीन पॅड बसले की मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन जवळजवळ थांबेपर्यंत, असं वीसेक वेळा दाब. तोवर पकड येत नाही. ब्रेक मिनरल ऑइलचा असेल तर त्यात डॉट फ्लुइड, म्हणजे मोटारगाड्यांच्या ब्रेकचं तेल, कधीही घालू नकोस, रबरी सील फुगून खराब होतात.

चिमट्याला ओट्यासाठी हवा जास्त भर : सायकलवर उभा राहिलास की १०० पैकी दहाच मिलिमीटर खाली बसायला हवा. जंपला थोडी कमी कर. चिमटा दबू न देणारं लॉक लावून उंचावरून उडी नको, दणका सोडून देण्याची सोय प्रत्येक लॉकमध्ये नसते. पुढे कधी बिनस्प्रिंगचा कडक चिमटा घेतलास तर उंची जुन्याइतकीच घे. तो दोन सेंटिमीटरने आखूड निघाला तर पुढचा कोन अंशभर उभा होतो आणि उतरताना सायकल नाकावर जाते.

टायरमध्ये ओट्याला ३५ पौंड, जंपला ५०, इथून सुरुवात कर. मात्र एप्रिल-मेमध्ये सकाळी ५० भरलेली सायकल दुपारी उन्हात तापली की सहा-सात पौंड वाढतात, तेव्हा संध्याकाळी पुन्हा मोजायची. सीट खाली, हँडल थोडं वर. एवढंच.

काळ्या मातीचे जंप मला पसंत नाहीत. आपली कापसाची जमीन उन्हाळ्यात फुटते, भेगेत मूठ जाते. पावसात तीच फुगते आणि चाकाला गुंडाळते. गाभा मुरमाचा भर, थर देत आणि पाणी मारत चोप, वर चाळलेली पांढरी माती टाक.

आणि हे सगळं करण्याआधी, आजच, एक काम कर. सायकल जुनी आहे. हँडलखालची उभी नळी आणि खाली पायडलकडे जाणारी तिरपी नळी जिथे मिळते, तो जोड खालच्या बाजूने स्वच्छ पूस आणि त्याच्यावरून कापसाचा बोळा हळू फिरव. चिमट्याच्या मुळाशी, मागच्या चाकाच्या खाचेपाशीही. एखादा तंतू कुठे अडकून राहिला तर तिथे नख लाव. नख अडलं तर उडी मारू नकोस. सायकल घेऊन भुसावळच्या गाडीत बस आणि दुकानात ये, आपण दोघं मिळून बघू.