सूज, अर्निका आणि रॅटचा पंजा

प्रश्न : मुलाच्या गुडघ्याला मार लागला. होमिओपॅथीचं अर्निका ३० दिल्यावर दोन दिवसांत सूज उतरली. औषध लागू पडलं ना?

मूल बरं झालं, छानच. पण मुका मार बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत आपणहून ओसरतो, म्हणून तुलना करावी लागते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या चाचणीत मनगटाच्या शस्त्रक्रियेच्या ६४ रुग्णांना अर्निका ६, अर्निका ३० किंवा तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या दिल्या. वेदना, सूज, काळंनिळं पडणं, कशातच फरक आढळला नाही.

प्रश्न : पण अर्निकात सूज कमी करणारं द्रव्य असतं म्हणतात.

असतं. हेलेनॅलिन. अर्निकाच्या अर्काचं जेल हाताच्या झिजेच्या संधिवातात आयबुप्रोफेन जेलच्या तोडीचं ठरलं, २००७ मध्ये, २०४ रुग्णांत. पण त्या जेलमध्ये वनस्पती खरोखर होती. ‘३०’ म्हणजे शंभरात एक भाग, असं तीसदा पातळ केलेलं. बाराव्या पायरीनंतर मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची आशा नाही.

प्रश्न : ऱ्हस टॉक्स या होमिओपॅथीच्या औषधावरचं आपल्याकडचं संशोधन मोठ्या नियतकालिकात आलं होतं. त्याचं काय?

शिरपूरच्या फार्मसी महाविद्यालयातला तो निबंध २०१८ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आला आणि २०१९ मध्ये मागे घेतला गेला. अर्कात नेमकं काय आणि किती हे ठाऊक नव्हतं, काही आकृत्या दुबार छापल्या होत्या, आणि पेशींवरच्या प्रयोगातून वेदना कमी होतात हा निष्कर्ष निघत नव्हता. मला याचं फार वाईट वाटलं, कारण मोजमापात किती सांभाळावं लागतं ते मी रोज विद्यार्थ्यांना दाखवते. सुजेच्या नेहमीच्या चाचणीत रॅटच्या पंजात कॅराजीनन हे सूज आणणारं द्रव्य टोचतात. काही तासांत पंजा टम्म फुगतो. घोट्यावर शाईची खूण करून तो द्रवात बुडवायचा आणि किती द्रव सरकला ते वाचायचं. खूण द्रवाच्या जरा खाली गेली की आकडा वाढतो. म्हणूनच कोणत्या रॅटला औषध मिळालं हे मोजणाऱ्याला कळता कामा नये.

प्रश्न : आईला रूमॅटॉइड संधिवात आहे. त्यावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध बंद करून होमिओपॅथी सुरू करू?

कृपा करून नको. झिजलेला सांधा परत येत नाही. ८३ रुग्णांच्या २०११ मधल्या चाचणीत होमिओपॅथी तज्ज्ञाशी सविस्तर बोलण्याने रुग्णांना बरं वाटलं, गोळ्यांनी नाही. ते निवांत बोलणं आईला हवं असेल, तर तिच्या संधिवाततज्ज्ञांकडे जास्त वेळ मागून घ्या.