वाचकांचे प्रश्न : बेडूक घरात ठेवताना

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे बेडकांचे प्रश्न यायला लागतात. त्यातले बरेचसे मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या बेडकाबद्दल असतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : मुलाने हट्ट करून बोटाच्या दोन पेरांएवढे दोन पांढरे बेडूक आणले. दुकानदार म्हणतो, हे एवढेच राहतात, माशांबरोबर सोडा. आमच्या टाकीत गप्पी आणि मॉली आहेत. चालेल का? (पिंपरी)

उत्तर : आधी त्यांचे पुढचे पंजे नीट बघा. पुढच्या बोटांमध्येही पडदा असेल तर तो आफ्रिकेतला ड्वार्फ फ्रॉग. तो खरोखरच दीड इंचाच्या पुढे जात नाही. पुढची बोटं सुटी, काडीसारखी असतील आणि मागच्या पायाच्या तीन बोटांना काळ्या नख्या असतील, तर तो आफ्रिकन क्लॉड फ्रॉग. दुकानातले पांढरे-गुलाबी बेडूक बहुतेक हेच असतात. यातली मादी चार-पाच इंचांची होते, नर त्याहून बराच लहान राहतो. नीट सांभाळला तर हा बेडूक पंधरा वर्षं सहज जगतो. म्हणजे मुलगा कॉलेजात जाईल तेव्हाही तो टाकीत असेल. घरात हे बोलून घ्या.

माशांबरोबर मात्र नको. याला जीभ नसते. पुढच्या हातांनी तो समोरचं काहीही तोंडात कोंबतो, आणि तोंडात मावेल ते सगळं त्याच्या लेखी अन्न. गप्पी आठवड्याभरात संपतील. काटेवाल्या कॅटफिशबरोबर ठेवलात तर उलट धोका: काटा घशात अडकून बेडूक मरतो.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच अशी वेगळी टाकी घ्या आणि पाणी फूटभरच भरा. साधारण पन्नास-पंचावन्न लिटर होतं. त्यात एक मोठा बेडूक आरामात राहतो, दोन जेमतेम. हा पूर्ण वेळ पाण्यातच राहणारा प्राणी असला तरी श्वासाला वर येतो, म्हणून वर मोकळी जागा हवी. झाकण जाळीचं आणि वजन ठेवलेलं हवं, नाहीतर रात्री उडी मारून बाहेर पडतो आणि सकाळी सोफ्याखाली वाळलेला सापडतो. तळाला रंगीत खडी अजिबात नको. घासाबरोबर ती गिळली जाते आणि आतडं तुंबतं. बारीक धुतलेली वाळू, नाहीतर बेडकाच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे, नाहीतर सरळ रिकामी काच. लपायला चार इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा कडा घासून ठेवा. कुंडी ठेवणार असाल तर तिच्या बुडाच्या भोकात बेडूक अडकणार नाही ना, ते बघा. पांढऱ्या बेडकाच्या डोळ्यांना प्रखर उजेड सोसत नाही, तेव्हा टाकीवरचा दिवा विसरा.

फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरतो. याच्या अंगावर माशांसारखी पाण्याची हालचाल टिपणारी संवेदनांची रांग असते. जोरदार प्रवाहाच्या पॉवर फिल्टरपुढे तो सतत बिथरलेला राहतो.

आता पाण्याबद्दल, कारण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुधा तिथेच सापडतं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषून घेतो. पाण्यात असेल ते थेट अंगात जातं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते दिवसभर उघड्या बादलीत ठेवून उडतं, पण पालिका क्लोरामिन वापरत असेल तर ते असं उडत नाही. म्हणून दुकानातलं अँटी-क्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत घालावं हे बरं. नवी टाकी भरून त्याच दिवशी बेडूक सोडू नका. विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्याकडे बेडूक आधीच आले आहेत, तर तोवर एक दिवसाआड तिसरा हिस्सा पाणी बदला आणि अमोनियाचं टेस्ट किट आणा. आकडा शून्याच्या वर दिसला की पाणी बदलायचं, मग वार कुठलाही असो. पुढे आठवड्याला पाव टाकी पुरे. स्पंज नळाखाली कधी धुऊ नका, क्लोरीनने सगळे जिवाणू मरतात. काढलेल्या पाण्यातच पिळा.

खायला मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा, पिल्लाला रोज. एका वेळी त्याच्या डोक्याएवढाच घास. पंधरा मिनिटांत उरलेलं काढून टाका. बुडणाऱ्या मांसाहारी पेलेट, गोठवलेले ब्लडवर्म आणि मधूनमधून गांडूळ, एवढ्यावर भागतं. गांडूळखताच्या ढिगातली लाल गांडुळं कडवट द्रव सोडतात, काही बेडूक ती थुंकतात. खतं-औषधं मारलेल्या शेतातली मात्र आणूच नका. दुकानातला जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडा) गटाराच्या गाळात वाढतो आणि जंतू घेऊन येतो. कोंबडीचं काळीज कौतुकाने रोज घालणारेही आहेत. त्याने बेडूक लठ्ठ होतो आणि कॅल्शियम मिळत नाही.

प्रश्न : आमचा असाच पांढरा बेडूक चार दिवसांत फुग्यासारखा फुगला आहे. दुकानदाराने मीठ आणि निळं औषध टाकायला सांगितलं. (ठाणे)

उत्तर : अंड्यांनी भरलेली मादी कमरेकडे, दोन्ही बाजूंना रुंद दिसते आणि चपळ असते. जास्त खाल्लेला बेडूक दुसऱ्या दिवशी उतरतो. मांड्या आणि हातसुद्धा ताणलेले, कातडीखाली पाणी डुचमळतंय आणि बेडूक पृष्ठभागावर तरंगतोय, असं असेल तर तो जलोदर. जंतुसंसर्ग किंवा मूत्रपिंडाचा बिघाड ही कारणं असू शकतात, आणि अशा वेळी टाकीत बहुतेकदा अमोनिया चढलेला सापडतो.

निळं औषध नको, फॉर्मेलिन, मॅलाकाइट ग्रीन किंवा तांबं असलेलं माशांचं औषध तर मुळीच नको. माशाला खवले असतात, याची कातडी उघडी. मिठाच्या पाण्याचा उपचार होतो, पण मीठ मोजून आणि पशुवैद्यकाच्या सांगण्यावरून. मुठीने टाकायचं नाही. तोवर बेडूक प्लास्टिकच्या टबात, त्याच तापमानाच्या क्लोरीनमुक्त पाण्यात ठेवा. पाणी रोज पूर्ण बदला, खाणं बंद, वर जाळी. पोटाखाली किंवा मांड्यांवर लाल ठिपके दिसले तर त्याच दिवशी विदेशी प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. या जंतुसंसर्गात एकेक तास महत्त्वाचा असतो.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी ३२ अंशांवर जातं. बर्फ टाकू का?

उत्तर : नको. या बेडकाला १८ ते २४ अंश मानवतं. २७-२८ च्या वर तो खाणं सोडतो, शिवाय तापलेल्या पाण्यात अमोनिया जास्त विषारी होतो. टाकी खिडकीपासून हलवा आणि टेबलफॅनचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. कोरड्या हवेत एवढ्याने दोन-तीन अंश उतरतात. फार तापलं तर अर्ध्या लिटरची गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवा आणि थर्मामीटर बघत काढा, कारण तापमान झपकन पडणंही वाईट. पंख्याने पाणी भराभर आटतं. ती तूट आरओच्या पाण्याने भरली तरी चालते, पण सगळी टाकी आरओच्या पाण्याने भरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

प्रश्न : पांढऱ्या बेडकाचा आता कंटाळा आला आहे. जवळच्या तलावात सोडून देऊ का? (नाशिक)

उत्तर : कृपा करून नको. १९३० च्या दशकापासून गर्भचाचणीसाठी हा बेडूक दक्षिण आफ्रिकेतून जगभर गेला (बाईच्या लघवीचं इंजेक्शन दिल्यावर मादीने अंडी घातली की गर्भ आहे असं समजत). कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स, सिसिली इथल्या पाणवठ्यांत तो सुटला आणि तिथून निघायला तयार नाही. बेडकांच्या कातडीला मारणारी काइट्रिड बुरशी तो स्वतः आजारी न पडता वाहतो. आंबोलीच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) जेमतेम तेवढ्याच परिसरात राहणारा भेक (खडबडीत कातडीचा बेडूक) २००९ साली शास्त्रज्ञांनी नोंदवला. असे प्राणी एका बुरशीने संपू शकतात. दुकानात परत द्या किंवा दुसरा पाळणारा शोधा. टाकीचं जुनं पाणीही नाल्यात नाही, संडासात ओता.

प्रश्न : मुलांनी डबक्यातून बेडूकमासे आणले. वाढवू द्यावे का? (कुडाळ)

उत्तर : आमचं मत विचाराल तर डबक्याकाठी बसूनच बघावं. अनेक देशी बेडूक वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतात, आणि मोठे झाल्यावर ते घरात ठेवायचा प्रश्नच नाही. आणलेच असतील तर आज संध्याकाळी त्याच डबक्यात परत सोडा, दुसऱ्या नाही.

डबकं आटलं असेल आणि दोन-चार जीव वाचवायचे असतील, तर पसरट टब घ्या, त्यात चार बोटं पावसाचं किंवा क्लोरीनमुक्त पाणी आणि उकडलेल्या पालकाचा नखाएवढा तुकडा. उरलेला पालक सकाळी काढा, तोच पाणी नासवतो. काळेभोर, घोळक्याने फिरणारे असतील तर बहुधा भेकाचे. सोनबेडकाचे एकमेकांना खातात, ते वेगळे ठेवा. मागचे पाय आधी येतात. पुढचे पाय फुटले की खाणं बंद होतं, शेपटीवरच भागतं. या टप्प्यावर टब तिरका करून अर्धा कोरडा ठेवा. श्वास फुप्फुसांवर येत असतो आणि चढायला जागा नसेल तर पिल्लं बुडून मरतात.

प्रश्न : लाल डोळ्यांचा हिरवा झाडबेडूक इंटरनेटवर विकायला दिसतो. घ्यावा का? (मुंबई)

उत्तर : तो साइटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विक्रेता कागद दाखवत नसेल तर व्यवहार तिथेच संपवा.

प्रश्न : सिडनीत मुलीला इथला ऑस्ट्रेलियन हिरवा झाडबेडूक पाळायचा आहे. बागेत येतो तोच ठेवला तर? इथल्या मैत्रिणीकडचा बेडूक तर कानांवर वळ्या येण्याइतका जाड आहे. तेही नॉर्मल का?

उत्तर : न्यू साउथ वेल्समध्ये देशी बेडूक पाळायला परवाना लागतो आणि बागेतला पकडून ठेवता येत नाही. परवाना काढून संस्थेकडून दत्तक घ्या. फळांच्या खोक्यांतून क्वीन्सलँडहून चुकून आलेले बेडूक तिथे घर शोधत असतात. उभी टाकी लागेल, ४५ बाय ४५ आणि ६० सेंटिमीटर उंच, दिवसा २४ ते २८ अंश.

डोळ्यांमागची घडी थोडी जाड असणं या जातीत असतंच, पण ती कानाच्या पडद्यावर लोंबायला लागली की तो लठ्ठपणा. मोठ्याला आठवड्यातून दोनदा चार-पाच रातकिडे पुरेत. कॅल्शियम आणि डी३ ची पूड लावून द्यायचे, आणि त्याआधी दिवसभर रातकिड्यांनाच गाजर-पालेभाजी खाऊ घालायची. उंदराचं पिल्लू वर्षातून एखादं, किंवा नाहीच.

प्रश्न : कुत्र्याने अंगणातला भेक तोंडात धरला आणि फेस यायला लागला. भेकाला हात लावला तर चामखीळ येते म्हणतात, तेही सांगा. (सातारा)

उत्तर : भेकाच्या डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींतून पांढरं विष येतं. कुत्र्याचं डोकं खाली झुकवून, पाण्याचा हलका झोत गालफडाच्या बाजूने आत आणि बाहेर असा पाच-दहा मिनिटं सोडा. घशाकडे सोडू नका. ओल्या फडक्याने हिरड्या पुसा. फेस थांबला तर ठीक. कुत्रा झोकांड्या देत असेल, थरथरत असेल किंवा हिरड्या लालभडक झाल्या असतील तर वाट न बघता डॉक्टर गाठा.

चामखीळ विषाणूमुळे येते, भेकामुळे नाही. तरी भेकाला धरल्यावर डोळे चोळू नका. कोणताही बेडूक हाताळल्यावर किंवा टाकी साफ केल्यावर साबणाने हात धुवा. अमेरिकेत २००९ ते २०११ या काळात ड्वार्फ फ्रॉगच्या टाक्यांमधून साल्मोनेलाची साथ पसरली, आजारी पडलेली बहुतेक लहान मुलंच होती. म्हणून टाकीची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. बेडूक धरण्याआधी मात्र साबण नको: नुसत्या पाण्याने भरपूर हात धुवा आणि ओल्या हातानेच उचला.