रोमन घोडेस्वाराचं चिलखत पहिल्यांदा करताय?

धातूच्या पट्ट्यांच्या सेगमेंटाटा चिलखताचा मोह आधी सोडा. सिनेमात शोभतं, पण ते मुख्यतः पायदळाचं. स्वारासाठी कड्यांचं हमाटा घ्या.

कडी बाहेरून 6-7 मिमी, तार साधारण 1 मिमी. एक ओळ अखंड कड्यांची, पुढची रिव्हेट (टोकं जोडणारा बारीक खिळा) मारलेल्या कड्यांची. प्रत्येक कडी चार कड्यांत ओवलेली. नुसती टोकं जुळवून दाबलेल्या कड्या स्वस्त पडतात, पण ताण आला की उघडतात आणि भोक वाढत जातं. रिव्हेटसाठी टोकं एकमेकांवर चढवून ठोकून चपटी करा, मग भोक पाडा. तार आधी तापवून मऊ केली नसेल तर नेमकी तिथेच चिरते.

खालच्या घेराला दोन्ही मांड्यांवर चीर हवी, नाहीतर खोगिरावर बसताच सगळं पोटाशी गोळा होतं. वजन 10 किलोच्या आसपास जातं; कमरपट्टा आवळून वरची जाळी थोडी ओढून घ्या, म्हणजे भार कमरेवर येतो. आत जाड अस्तराचा अंगरखा हवाच.

खवल्यांचं स्क्वामाटा दिसायला देखणं. पण खवले खाली तोंड करून बसतात, त्यामुळे खालून आलेलं टोक त्यांच्या आत शिरतं. आणि घोड्यावरच्या माणसाला पायदळाचा भाला खालूनच येतो!